करातून रेसिंग ट्रॅक? बुद्ध सर्किटच्या शेजारी चार वर्षं राहिलेल्याचं उत्तर

दनकौर_रिटर्न

परवा इथे एक पोस्ट फिरत होती: "पुणे-चाकण पट्टा म्हणजे देशाच्या वाहन उद्योगाचं माहेर. सरकारने पाचशे एकर काढून द्यावेत, स्वतःच्या खर्चाने रेसिंग ट्रॅक बांधावा, पाच वर्षांत आसपासच्या गावांचं सोनं होईल." खाली टाळ्याच टाळ्या. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

"गावांचं सोनं होईल" हे वाक्य मी 2010 साली ग्रेटर नोएडात हिंदीतून ऐकलंय. नोकरीमुळे तिकडे होतो, राहायला दनकौरच्या बाजूला. समोर बुद्ध सर्किट उभं राहताना पाहिलं. 5.125 किलोमीटरचा ट्रॅक, हर्मन टिल्के या जर्मन ट्रॅक-डिझायनरचं डिझाइन, खर्च दोन हजार कोटींच्या घरात. 30 ऑक्टोबर 2011 ला पहिली एफ-वन, म्हणजे फॉर्म्युला वन कार रेस, झाली तेव्हा सुमारे 95 हजार माणूस आत होता. आवाज आमच्या गच्चीपर्यंत यायचा. मलाही अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू. नंतर 2012, 2013, तिन्ही वर्षं वेट्टेल हा एकच ड्रायव्हर जिंकला, आणि 2014 पासून एफ-वन परत आली नाही ती आजतागायत.

आता म्हणाल, तो ट्रॅक जेपी या खासगी कंपनीने बांधला, सरकारचा काय संबंध? जमीन यमुना एक्स्प्रेसवे प्राधिकरणाची होती, एक हजार हेक्टर. ती शेतकऱ्यांकडून घेतलेली. 2011 च्या मे महिन्यात त्याच एक्स्प्रेसवेच्या संपादनावरून भट्टा-पारसौलला गोळीबार झाला, दोन शेतकरी आणि दोन पोलीस गेले. राज्य सरकारने करमणूक कर माफ केला. शेवटी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की तिकिटांच्या पैशातले 25 टक्के वेगळ्या खात्यात ठेवा. पुढे थकबाकीपायी 2020 मध्ये प्राधिकरणाने ते वाटपच रद्द केलं आणि मार्च 2025 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. मोटोजीपी ही बाईक रेस 2023 मध्ये आली, एकदाच. 2024 ची रद्द झाली, 2025 लाही झाली नाही.

आणि सोनं? आमच्या रस्त्यावर एक ढाबेवाला होता. पहिल्या रेससाठी त्याने कर्ज काढून दोन डीप फ्रीझर घेतले, कोल्ड्रिंक भरून ठेवलं. रेसच्या दिवशी पोलिसांनी वाहतूक दुसरीकडून वळवली. पासवाल्या गाड्या थेट आत. त्याच्या खाटांवर दिवसभर बंदोबस्ताचे शिपाई बसून होते, तेही फुकट चहावर. 2013 साली मी तिथे जेवलो तेव्हा एका फ्रीझरची वायर काढलेली होती आणि आत म्हशींच्या पेंडीची पोती होती.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ज्यांना रेस हवी त्यांनी पैसा घालावा. करातला पैसा आणि सरकारने घेतलेली जमीन नाही.

पाना_दहा_बारा

साहेब, तुमचा अनुभव तुमच्याजवळ. पण मूळ पोस्टमध्ये एफ-वनचा शब्द कुठेय? ट्रॅक म्हटलं की तुम्हाला फक्त वेट्टेल दिसतो. मी कोथरूडात गॅरेज चालवतो, वीस वर्षं झाली. माझा मुलगा बाईक रेसिंगची नॅशनल खेळतो. नॅशनल खेळतो म्हणजे काय, ते सांगतो.

गुरुवारी रात्री बाईक टेम्पोत चढवायची, टायर, वॉर्मर, जनरेटर, पेट्रोलचे कॅन, वर पोराचा लेदर सूट. पुणे ते चेन्नई बाराशे किलोमीटर. शुक्रवारी तिथल्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर उतरायचं ते पाठ धरलेल्या अवस्थेत. तमिळ पोरं घरून इडली खाऊन, झोप काढून येतात आणि महिन्यातून चार वेळा त्याच ट्रॅकवर सराव करतात. आमचं पोर वर्षातून चार वेळा. मग दोन सेकंदांनी मागे राहिलं की लोक म्हणतात मराठी पोरांत दम नाही. दम आहे हो, ट्रॅक नाही.

देशातल्या निम्म्या गाड्या आपल्या पट्ट्यात बनतात आणि एफ-वनपर्यंत गेलेले दोघे, नारायण कार्तिकेयन कोइमतूरचा, करुण चंढोक चेन्नईचा. असं का? कारण तिकडे चेन्नईला क्लबचा ट्रॅक आहे, पुढे कोइमतूरला करी स्पीडवेही झाला. मला 2 किलोमीटरचा साधा ट्रॅक हवाय. करीचा तेवढाच आहे, 2.1 चा. दोन हजार कोटी कोण मागतंय?

दनकौर_रिटर्न

देशातल्या निम्म्या गाड्या इथे बनतात हे कुठून काढलंत? बाकी तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. चेन्नईचा ट्रॅक मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने उभा केला, म्हणजे शर्यतीच्या वेडाने एकत्र आलेल्या माणसांनी. कोइमतूरचा करी स्पीडवे तिथले रेसर करिवर्धन यांच्या नावाचा, तोही तिथल्या रेसिंगवाल्यांनीच उभा केला. तो ट्रॅक दोन दशकं चाललाय. सरकार जिथे उतरलं तिथे बघा. हैदराबादची फॉर्म्युला ई, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांची रेस, फेब्रुवारी 2023 मध्ये एकदा झाली. सरकार बदललं, दुसरी रद्द, आणि सुमारे 55 कोटींच्या पेमेंटवरून एसीबीचा गुन्हा. चेन्नईच्या एफ-4 स्ट्रीट रेसला सरकारने 42 कोटी घातले तर ते आयोजकांकडून घ्या असं उच्च न्यायालयाने सांगितलं होतं, पुढे सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं तरी.

पाना_दहा_बारा

निम्म्या नसतील, मागे घेतो. हे दोन्ही रस्त्यावरचे सर्कस होते. रस्ता बंद करायचा, कठडे लावायचे, दोन दिवसांनी उचलायचे. त्यातून पोरांना सराव मिळतो का? कायमचा ट्रॅक वेगळा. बालेवाडी 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी सरकारी पैशातूनच झाली ना? तेव्हाही लोक ओरडले होते. आज तिथे किती पोरं पळतात ते जाऊन बघा.

तालमीतला_मास्तर

बालेवाडीचं नाव घेतलंत म्हणून लिहितो. मी तिथे मुलं घेऊन जातो. पळायला बूट लागतात, ते मिळतात. तुमच्या खेळाला आधी लाखाची बाईक लागते. सरकारी पैसा त्या खेळावर जावा ज्यात मोलकरणीचं पोरगं उतरू शकतं. 2009 मध्ये केंद्राच्या क्रीडा मंत्रालयानेच एफ-वनला करमणूक म्हटलं होतं, खेळ मानलं नव्हतं. मला तेव्हाही पटलं होतं, आजही पटतं.

पाना_दहा_बारा

मास्तर, माझ्या गॅरेजमध्ये जी पोरं काम करतात ती बंगल्यातली नाहीत. एक वडगावच्या पानटपरीवाल्याचा. रेसच्या इंजिनवर हात बसला, आज एका कंपनीच्या टेस्टिंग विभागात आहे. बाईकवर बसणाऱ्या एकामागे चार जण पाना घेऊन उभे असतात. त्यांचं कुणी मोजत नाही.

शिवारातला_वारस

सगळे ट्रॅकवर बोलताय. "पाचशे एकर काढून द्यावेत." कुठून काढणार? मंगळावरून?

मी चाकणच्या बाजूचा. आजोबांची तीन एकर एमआयडीसीत गेली. मोबदला मिळाला, नाही म्हणत नाही. चुलत्यांनी स्कॉर्पिओ घेतली, बहिणीचं लग्न थाटात झालं, उरलेलं घर बांधण्यात. आज माझा सख्खा भाऊ त्याच जमिनीवरच्या एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत उभा राहतो, कंत्राटी, अकरा महिन्यांच्या कागदावर. विहीर होती तिथे आता ट्रक लागतात. तो मला म्हणतो, दादा, गाड्यांच्या एन्ट्र्या लिहिताना पायाखाली आपली विहीर आहे हे डोक्यातून जात नाही.

कंपनीत निदान गेटवर तरी नोकरी आहे. ट्रॅकवर वर्षाचे किती दिवस गेट उघडणार? दनकौरचे भाऊ, तुमचं एक चुकलं. पैसा कुणाचा हा दुसरा प्रश्न. आधी जमीन कुणाची ते बोला.

मेलबर्नचा_पुणेकर

इकडचं सांगतो. मेलबर्नच्या अल्बर्ट पार्कला 1996 पासून एफ-वनची रेस होते. 2024 मध्ये चार दिवसांत साडेचार लाख लोक आले. हॉटेलात खोली मिळत नाही, ट्रॅम भरून वाहतात, माझ्या मित्राचं कॅफे त्या आठवड्यात महिन्याची कमाई करतं. त्यामुळे स्थानिकांना फायदा शून्य हे मला पटत नाही.

दनकौर_रिटर्न

आणि व्हिक्टोरिया सरकार दरवर्षी किती घालतं? तेही लिहा.

मेलबर्नचा_पुणेकर

अलीकडे वर्षाला 10 कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास. आणि हो, 2007 मध्ये इथल्या ऑडिटर-जनरलने 2005 च्या रेसचा हिशोब मांडला होता. खर्च फायद्यापेक्षा 67 लाख डॉलरने जास्त निघाला. लिहिलं. झालं समाधान? पण तो हिशोब इथे सरकारी लेखापरीक्षक मांडतो आणि लोकांसमोर ठेवतो. आपल्याकडे तो मांडणार कोण, हा माझा प्रश्न आहे.

मुळशीची_सून

तुमचं मेलबर्न राहू द्या बाजूला. रविवारी सकाळी सात वाजता आमच्या फाट्यावर येऊन उभे राहा. ताम्हिणीकडे जाणाऱ्या बाईक्स. पंधरा-पंधराच्या टोळ्या, कापलेले सायलेन्सर, हेल्मेटवर कॅमेरे. सासूबाई 68 वर्षांच्या, दुधाची किटली घेऊन रस्ता ओलांडतात, डेअरी पलीकडे आहे. गेल्या पावसाळ्यात एक जण त्यांना घासून गेला. किटली सांडली, मनगट मोडलं. तो थांबलाही नाही. आता रविवारी दूध मी नेते.

आणि रस्त्यांचा फायदा म्हणाल तर जानेवारी 2026 मध्ये पुणे ग्रँड टूर सायकल शर्यत झाली, तिच्यासाठी तालुक्यातले काही रस्ते चकाचक केले. आम्ही दहा वर्षं अर्ज देत होतो, शर्यत आली तर लगेच डांबर पडलं. रस्ता चांगला झाला, मी उपकार मानते. पण गतिरोधक गेले आणि बाईकवाल्यांचा वेग वाढला.

पाना_दहा_बारा

ताई, म्हणूनच तर ट्रॅक पाहिजे! पोरांना पळवायला जागा नाही म्हणून ती घाटात पळवतात.

दनकौर_रिटर्न

हे मला अजिबात मान्य नाही. घाटात पळवायला पेट्रोलचे पैसे पुरतात. ट्रॅकवर फी, सूट, टायर, टेम्पो. घाटातलं पोरगं तिथे कशाला येईल? बुद्ध सर्किट असताना यमुना एक्स्प्रेसवेवर पोरं सुपरबाईक पळवायची ती मी रोज बघत होतो, ट्रॅकच्या कुंपणाला लागून.

रविवार_रायडर

सगळ्या रायडर्सना एका माळेत ओवू नका. आमचा ग्रुप पहाटे पाचला निघतो, गावातून 40 च्या वर जात नाही. अपघात एसटीनेही होतात. मुळशीवाल्यांनी रस्त्यालगत टपऱ्या टाकून रस्ता अरुंद केलाय, त्याचं बोला. आमच्याच चहा-भजीवर त्या टपऱ्या चालतात.

मुळशीची_सून

सासूबाईंच्या मनगटात प्लेट आहे. तुमच्या भज्यांचे पैसे त्या दवाखान्याला पुरले नाहीत. परत असं लिहू नका.

शिवारातला_वारस

रायडरभाऊ, माफी मागा. इथे वाद घालायला कुणाची ना नाही, पण म्हाताऱ्या बाईच्या हाडावर भजी तळू नका.

रविवार_रायडर

आजींबद्दल वाईट वाटलं, ते आधी लिहायला हवं होतं. माफ करा. पण आम्हाला गुंड म्हणू नका एवढंच.

पाना_दहा_बारा

ताई, मीही उत्साहाच्या भरात तुमच्या दुखण्याचा मुद्दा करून टाकला, चुकलं. खरं सांगायचं तर माझ्या गॅरेजमध्येही पोरं सायलेन्सर कापायला येतात. 2019 पासून मी ते काम घेत नाही. महिन्याला दहा-बारा गिऱ्हाईकं शेजारच्याकडे जातात. ट्रॅक झाला म्हणून ती सगळी सुधारतील असं नाही, दनकौरवाल्यांचा हा मुद्दा मला मनातून कबूल नाही, पण खोडताही येत नाही. माझ्या मुलासारखी वीस-पंचवीस पोरं मात्र नक्की घाट सोडतील. मुलगाही आधी घाटातलाच होता, वरंधा घाटात पडून खांदा मोडून आला तेव्हा मी त्याला ट्रॅकवर नेलं.

दनकौर_रिटर्न

वीस-पंचवीस पोरांसाठी पाचशे एकर?

पाना_दहा_बारा

पाचशे त्या पोस्टवाल्याने लिहिले, मी नाही! दोन किलोमीटरचा ट्रॅक त्याच्या कितीतरी कमी जागेत बसतो. आणि इथल्या कंपन्यांचे स्वतःचे टेस्ट ट्रॅक आहेत. महिन्यातले दोन रविवार त्यांनी पोरांना उघडून दिले तरी मी नव्या ट्रॅकचं नाव काढणार नाही. सरकारने पैसे देऊ नयेत, फक्त त्यांना एका टेबलावर बसवावं.

दनकौर_रिटर्न

याला माझी हरकत नाही. हेच पहिल्या प्रतिसादात लिहिलं असतंत तर.

शिवारातला_वारस

आणि उद्या नवा बांधायचाच झाला तर संपादन नको. भाडेकरार. तीस वर्षांचा, दर तीन वर्षांनी भाडं वाढेल असा, सातबारा आमच्याच नावावर. शर्यती बंद पडल्या, आयोजक पळाला, सरकार बदललं, तर जमीन आमची आम्हाला परत, डांबर उखडून.

पाना_दहा_बारा

डांबर उखडायचा खर्च कोण देणार?

शिवारातला_वारस

जो पसरेल तो. अनामत आधी बँकेत.

मुळशीची_सून

कुठेही करा, वस्तीपासून लांब करा. आज रविवार होता. सात ते आठ या तासात फाट्यावरून 54 बाईक्स गेल्या, दूध नेताना थांबून मोजल्या. सातवीतला मुलगा कठड्यावर बसून प्रत्येकीचं मॉडेल सांगत होता.