मदत हवी आहे: बाबांच्या कॉम्प्युटरवर नेट येतं-जातं, विंडोज अपडेट अडकलंय

नमस्कार मंडळी,

आई-बाबा गिरगावात चाळीत राहतात, मी कांदिवलीला. बाबा चाळीच्या रहिवासी संघाचे चिटणीस आहेत. म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाशी चाललेला पत्रव्यवहार, वर्गणीचे हिशेब, सभांची इतिवृत्तं हे सगळं ते घरच्या डेस्कटॉपवर करतात. तोच हल्ली धड चालत नाहीये आणि संघाची कामं अडली आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

मशीन असं: सहाव्या पिढीचा इंटेल आय३, ८ जीबी रॅम, १२० जीबी एसएसडी, विंडोज १०. केबलवाल्याचं फायबर आहे. राउटर बाहेरच्या खोलीत, कॉम्प्युटर आतल्या खोलीत, मध्ये लोखंडी कपाट. कॉम्प्युटरच्या मागे यूएसबीचा छोटा वायफाय डोंगल लावलाय.

त्रास असा की सकाळी कॉम्प्युटर लावला की कोपऱ्यात वायफायचं चिन्ह पूर्ण दिसतं, पण बँकेची साइट, जीमेल काहीच उघडत नाही. 'कनेक्शन सुरक्षित नाही' अशा अर्थाचं पान येतं आणि बाबा ते बंद करून टाकतात. त्याच वेळी त्याच वायफायवर आईचा मोबाइल व्यवस्थित चालतो. चाळीतला एक कॉलेजचा मुलगा येऊन काहीतरी करून जातो, मग दिवसभर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. संध्याकाळी सातनंतर तर ठीक चालणारं नेटही मध्येच तुटतं. विंडोज अपडेट करायला गेलं की कधी एरर येते, कधी अर्ध्यात अडकून बसतं.

एकदा पूर्ण पडदाभर लाल सूचना आली, कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा म्हणून. बाबांनी फोन केला नाही, मला विचारलं. तेव्हापासून मला जास्तच काळजी वाटतेय.

दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारावं लागेल. बाबांची बरीच जुनी पत्रं श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) टाइप केलेली आहेत, ती जाता कामा नयेत. सकाळी मशीन सुरू करताना काळ्या पडद्यावर दोन-तीन इंग्रजी ओळी येतात, बाबा एफ१ दाबून पुढे जातात. ते बहुतेक आधीपासूनच असावं.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं. मी रविवारी तिकडे जाणार आहे, तेव्हा करून बघता येईल.

प्रतिसाद

ताई, फॉरमॅट अजिबात करू देऊ नका. तुम्ही अगदी शेवटी जे लिहिलंय, एफ१ दाबून पुढे जाण्याचं, तेच मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय. काकांना फोन करून तीन गोष्टी विचारा.

त्या काळ्या पडद्यावरच्या ओळींत 'सीमॉस' (मशीनची तारीख आणि मूळ सेटिंग्ज जपणारा भाग) किंवा 'डेट अँड टाइम' असे शब्द आहेत का? सकाळी कॉम्प्युटर सुरू झाल्यावर उजव्या कोपऱ्यात तारीख आणि साल काय दिसतं? आणि रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात का?

अपडेटची एरर आली की तिचा आकडाही लिहून घ्यायला सांगा.

प्रतिसाद

सहाव्या पिढीचं मशीन आहे, आता त्यात जीव घालवण्यात अर्थ नाही. लिनक्स मिंट टाका, हलकं चालतं, अपडेटची कटकट नाही.

प्रतिसाद

लिनक्सबद्दल आदर आहे, पण इथे नको. श्रीलिपीतल्या जुन्या फाइल युनिकोड (सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरपद्धत) नाहीत. तो फाँट आणि ते सॉफ्टवेअर नसेल तर पत्राच्या जागी नुसती अगम्य अक्षरं दिसतात. वयस्कर माणसाचं सगळं टायपिंग ज्यावर बसलंय ते एका रविवारी बदलू नये. आधी दुखणं काय आहे ते तर कळू दे.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आत्ताच बाबांशी बोलले. ओळींत 'सीमॉस' आहे, बाबांनी स्पेलिंग वाचून दाखवलं. तारीख १ जानेवारी २०१६ दाखवतोय! बँकेच्या त्या पानावर खाली घड्याळाबद्दलही काहीतरी लिहिलंय, ते आज पहिल्यांदा पूर्ण वाचलं गेलं. अपडेटची एरर ०एक्स८००७२एफ८एफ. आणि हो, रात्री आई बोर्डाचं मुख्य बटण बंद करते. चाळीचं लाकडी बांधकाम, जुनं वायरिंग, त्यामुळे ती सवय मी मोडायला सांगणार नाही.

प्रतिसाद

मोडायला सांगूही नका, आईंचं बरोबरच आहे.

मदरबोर्डवर (कॉम्प्युटरच्या आतली मुख्य पाटी) रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा सेल असतो, सीआर२०३२, ३ व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणं हे त्याचं काम. तो बरीच वर्षं चालतो आणि मग संपतो. तुमच्याकडे तो संपलाय. बटण चालू असेपर्यंत मशीनला बाहेरून वीज मिळते म्हणून घड्याळ टिकतं. रात्री बटण बंद झालं की घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं.

आता याचा नेटशी काय संबंध, तर प्रत्येक सुरक्षित साइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं असतं. तुमचा कॉम्प्युटर समजतो की आज २०१६ साल आहे, म्हणून आजची सगळी प्रमाणपत्रं त्याला अजून सुरूच न झालेली वाटतात आणि तो साइट उघडायला नकार देतो. विंडोज अपडेटसुद्धा याच रस्त्याने जातं. तुम्ही दिलेला आकडा नेमका याच अडचणीचा आहे. मोबाइलचं घड्याळ बरोबर आहे म्हणून मोबाइल चालतो. तो मुलगा येऊन तारीख दुरुस्त करत असणार, म्हणून दिवसभर ठीक.

विंडोज नेटवरून वेळ आपोआप जुळवतं ना, मग हे का नाही जुळवत, असं कुणीही विचारेल. फरक १५ तासांपेक्षा जास्त असेल तर घरगुती मशीनवर ते स्वतःहून घड्याळ हलवत नाही. इथे तर वर्षांचा फरक आहे.

सेल कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळेल, लॅमिंग्टन रोड तर तुमच्या बाबांच्या घरापासून चालत जाण्यासारखा. बदलताना आधी प्लग काढा, पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून ठेवा, मग कॅबिनेटच्या धातूच्या भागाला हात लावून पुढचं काम करा. सेलच्या कडेला छोटी खिटी असते, ती हलकेच बाजूला केली की सेल वर उचलला जातो. अधिकचं चिन्ह वर ठेवून नवा बसवा. नंतर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणारा मशीनच्या सेटिंग्जचा पडदा) तारीख-वेळ भरून सेव्ह करा आणि विंडोजमध्ये टाइम झोन भारताचा, म्हणजे ५:३०, आहे ना ते बघा.

प्रतिसाद

सेलचं निदान पटलं, पण संध्याकाळी सातनंतर नेट तुटण्याशी घड्याळाचा संबंध नाही. ते दुसरं दुखणं आहे, आणि दोन्ही एकत्र धरल्यामुळेच दुकानदार फॉरमॅटपर्यंत पोचला असावा. रविवारी संध्याकाळपर्यंत थांबता आलं तर हे करा.

कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला पिंग लावा, म्हणजे समोरून उत्तर येतं का ते कळेल (पत्ता बहुतेक १९२.१६८.१.१ असेल, नाहीतर 'आयपीकॉन्फिग'मध्ये डिफॉल्ट गेटवे बघा). दुसरीत ८.८.८.८ ला, म्हणजे बाहेरच्या नेटवरच्या गूगलच्या सर्व्हरला, पिंग लावा. दोन्हींना शेवटी 'वजा टी' द्या म्हणजे चालू राहतील. नेट तुटलं की दोन्हीकडे बघा. राउटरचंच उत्तर येईनासं झालं तर घोळ घरातल्या वायफायचा. राउटर नीट उत्तर देतोय पण ८.८.८.८ गप्प, तर लाइनचा. मग केबलवाल्याला बोलवा आणि राउटरवर एलओएसचा (सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागलाय का तेही सांगा. दोन्हीकडून उत्तर येतंय आणि तरी साइट उघडत नाहीत, तर डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बदलून बघा. आयपीचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर कॉम्प्युटरला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही.

माझा अंदाज वायफायवर आहे. चाळीत एकेका मजल्यावर किती राउटर असतील बघा. असे छोटे डोंगल बरेचदा फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, आणि त्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणारी चॅनेलं तीनच धरतात: १, ६ आणि ११. संध्याकाळी सगळे घरी आले की सगळ्यांची तिथेच गर्दी. त्यात तुमचा डोंगल मशीनच्या मागे आणि मध्ये लोखंडी कपाट. सरळ लॅनची वायर टाका.

प्रतिसाद

लॅनला +१. आमच्या लालबागच्या घरात हाच त्रास होता. दाराच्या चौकटीच्या कडेने वायर नेली, खिळ्यांच्या क्लिपा मारल्या, दिसतसुद्धा नाही.

त्या लाल पडद्याबद्दल काकांना एकच सांगा: मायक्रोसॉफ्ट स्वतःच्या सूचनेत फोन नंबर कधीच देत नाही. ते ब्राउझरमधलं पान असतं, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करायचा. कुणी फोनवर 'हे अ‍ॅप टाका, मी दुरून बघतो' म्हणालं तर फोन ठेवायचा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार, जितकी लवकर तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. काकांनी फोन न करता मुलीला विचारलं हे फार चांगलं केलं.

धागाकर्ती

रविवारी जाऊन आले. सविस्तर लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

सेल बदलला. जुना मीटरवर तपासला तर दोन व्होल्टसुद्धा नव्हते. तारीख भरली, बटण बंद केलं, तासाभराने पुन्हा लावलं: एफ१चा पडदा आला नाही, तारीख बरोबर. बँक, जीमेल लगेच उघडलं. बाबा कितीतरी वेळ त्या कोपऱ्यातल्या तारखेकडेच बघत होते.

संध्याकाळी पिंग लावलं. साडेसातच्या सुमारास राउटरच्याच खिडकीत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' यायला लागलं, म्हणजे लाइन ठीक, वायफाय खराब. शेजारच्या काकांकडे लॅनची वायर पडून होती, ती तात्पुरती जमिनीवरून टाकली, आणि एकही पिंग चुकलं नाही. आता भिंतीवरून कायमची टाकून घेतोय.

अपडेट मात्र अजून अर्ध्यात अडकतंय. घड्याळाची ती एरर गेली, आता ०एक्स८००७००७० येते.

प्रतिसाद

तो आकडा म्हणजे डिस्कवर जागा नाही. १२० जीबीत सी ड्राइव्ह भरली असणार. सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेजमध्ये जाऊन टेम्पररी फाइल काढा, पण त्या यादीत डाउनलोड्स फोल्डरवर टिक असेल तर ती टिक आधी काढा. काकांची पत्रं तिथे असू शकतात. श्रीलिपीच्या फाइल बाहेरच्या डिस्कवर आजच घ्या, फाँटसकट.

मग 'सर्व्हिसेस'मध्ये विंडोज अपडेट आणि बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर या दोन सेवा थांबवा, सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधल्या सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशनच्या आतलं डाउनलोड रिकामं करा, सेवा पुन्हा सुरू करा. वायफाय तुटताना अर्धवट उतरलेलं सगळं तिथे साचलेलं असतं.

प्रतिसाद

यासोबत एक मोठी गोष्ट. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, त्यामुळे हे मशीन रीतसर तिकडे जाणार नाही. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली आहे. त्यासाठी आवृत्ती २२एच२ हवी (रनमध्ये 'विनव्हर' टाइप करून बघा) आणि मायक्रोसॉफ्टचं खातं हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्या खात्याशी जोडला तर नोंदणीला पैसे पडत नाहीत, नाहीतर ३० डॉलर. विंडोज अपडेटच्याच पानावर नोंदणीची लिंक येते.

तेवढ्या वेळात काकांची जुनी पत्रं युनिकोडमध्ये आणून ठेवता आली तर फार बरं. संघाची कागदपत्रं पुढच्या चिटणिसालाही वाचता यायला हवीत.

धागाकर्ती

जागा केली, १९ जीबी मोकळी झाली. सगळी अपडेट लागली. आवृत्ती २२एच२ आहे, नोंदणी झाली. श्रीलिपीच्या फाइल फाँटसकट दोन ठिकाणी ठेवल्या. युनिकोडचं काम मी आणि बाबा मिळून करणार आहोत, पुनर्रचनेची पत्रं आधी. दुकानदाराकडे मशीन नेलंच नाही. तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार.

प्रतिसाद

धागा वर आणतोय. माझ्या लॅपटॉपचंही घड्याळ रोज मागे पडतं, साधारण साडेपाच तासांनी. तोही सेलच का? मशीनवर लिनक्स आणि विंडोज दोन्ही आहे.

प्रतिसाद

नाही, सेल काढायला लॅपटॉप उघडू नका. बरोबर साडेपाच तासांचा फरक म्हणजे भारताची वेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) यांच्यातलं अंतर. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजतं. लिनक्समध्ये 'टाइमडेटसीटीएल'ने घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवायला सांगा, थांबेल.