डेंटलच्या पोरांना म्हाताऱ्यांशी वागायला शिकवावं का?

रंकाळाकाठ: गेल्या महिन्यात आज्जीला घेऊन कोल्हापुरातल्या एका डेंटल कॉलेजच्या ओपीडीत गेले होते. वय 79, गारगोटीकडचं गाव, खालची कवळी ढिली झालेली. तपासणारा शिकाऊ पोरगा हुशार, हात हलका. पण आज्जी समोर बसलेली असताना विचारलं मला, "यांना काय त्रास आहे?" मग "कवळी काढा." आज्जीनं आजोबांसमोरही कधी कवळी काढली नव्हती. तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं, पदर तोंडाला लावला आणि कवळी माझ्या हातात दिली. तो केस पेपर भरत होता. एमबीबीएसला 2019 पासून रुग्णाशी वागण्या-बोलण्याचं शिक्षण अभ्यासक्रमात आहे. बीडीएसलाही तसं हवं, आणि त्याला मार्कही हवेत.

इंटर्न: ताई, वाचून वाईट वाटलं. पण मार्क नकोत. मार्क आले की पोरं परीक्षकासमोर "आज्जी, जेवलासा का?" म्हणतील आणि दुसऱ्या दिवशी विसरतील. खरी अडचण कोट्याची आहे, म्हणजे ठरलेल्या संख्येनं केसेस पुऱ्या करायच्या अटीची. पूर्ण कवळीला साधारण पाच खेपा: कच्चं माप, पक्कं माप, जबड्यांचा मेळ, मेणातली ट्रायल, मग कवळी. पेशंट तिसऱ्या खेपेला आला नाही की केस बुडाली. त्या धास्तीत समोर माणूस दिसत नाही, केस दिसते.

निवृत्त प्राध्यापिका: कोट्याचं खरं आहे, तरी मार्क हवेतच. मी खुर्चीपाशी उभी राहून शिकवलंय. मापाचा ट्रे तोंडात असताना म्हाताऱ्या माणसाला बोलता येत नाही, म्हणून आधीच सांगायचं, "मळमळलं तर डावा हात वर करा." बीपीच्या गोळ्या चालू असलेल्याला आडव्या खुर्चीतून एकदम उठवलं तर चक्कर येते. काही औषधांनी तोंड कोरडं पडतं, मग कवळी धरत नाही. हे न विचारता "तुम्हीच नीट वापरत नाही" म्हणणारा विद्यार्थी माझ्या लेखी नापासच.

शाहूपुरीकर: मी इंटर्नच्या बाजूनं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या डेंटलच्या विद्यार्थ्यांचा एक अभ्यास 2005 साली छापून आला. त्यात पहिल्या वर्षाच्या मुलांची सहानुभूती पुढच्या वर्षांतल्या मुलांपेक्षा जास्त दिसली. पोरं माया घेऊनच येतात, ती मधेच कुठंतरी आटते. मग नवीन विषय कशाला वाढवायचा? कोटा कमी करा.

रंकाळाकाठ: कोटा कमी व्हावा, हे मान्य. एसटीत 75 च्या वरच्यांना 2022 पासून तिकीट नाही, म्हणून आज्जीच्या पाच खेपा जमतात; सोबतीला मला मात्र दरवेळी रजा टाकावी लागते. त्यामुळे इंटर्नची धास्ती कळते. पण आज्जीकडं बघून "काय होतंय?" विचारायला कोटा आडवा येत नाही. मॅडम म्हणतात तसं खुर्चीपाशीच शिकवा, आणि मार्कही तिथंच द्या.

पुढची खेप गुरुवारी आहे. आज्जी विचारत होती, "त्योच पोरगा असंल का गं? हात हलका हाय त्येचा."