कारो-कान शिकवायला रेटी–टार्टाकोव्हर डाव घ्यावा का?

अडीचघर: दहा-बारा वर्षांच्या मुलांना बुद्धिबळातला कारो-कान (पांढऱ्याच्या ई४ला काळ्याचं सी६, असं ओपनिंग म्हणजे डावाची सुरुवात) शिकवायचाय. सुरुवात रेटी (पांढरा)–टार्टाकोव्हर (काळा), व्हिएन्ना १९१० या ११ खेळ्यांच्या डावाने करू का? भीती एवढीच, की मुलं वजिराचा बळी लक्षात ठेवतील आणि ओपनिंग विसरतील.

प्यादंपुढे: जरूर घ्या, फक्त आठव्या खेळीवर थांबा. (व वजीर, घो घोडा, उं उंट, ह हत्ती, रा राजा; × मारणं, + शह; ‘८...’ म्हणजे काळ्याची आठवी खेळी.)
१. ई४ सी६ २. डी४ डी५ ३. घो सी३ डी×ई४ ४. घो×ई४ घो एफ६ ५. व डी३ ई५ ६. डी×ई५ व ए५+ ७. उं डी२ व×ई५ ८. ओ-ओ-ओ (कॅसलिंग: राजा सी१, हत्ती डी१)
आता काळ्याची खेळी विचारा. ई४च्या घोड्यावर मारे दोन, राखण एकच, त्यामुळे बहुतेक जण घोड्याने घोडा मारतील. टार्टाकोव्हरनेही तेच केलं. मग ९. व डी८+ रा×डी८ १०. उं जी५, दुहेरी शह. काळा घोडा तो उंट मारू शकतो, पण हत्तीचा शह उरतोच. राजा हलवावाच लागतो. रा सी७ला उं डी८ मात, रा ई८ला ह डी८ मात. दोन्ही पटावर मांडून दाखवा.

उंटतिरपा: ‘वजिराने घोडा मारला तर?’ हे कोणीतरी विचारणारच. ८...व×ई४ ९. ह ई१, वजीर पिन, म्हणजे ई पट्टीवरून हटला तर मागचा राजा उघडा पडतो. हत्तीच्या बदल्यात सोडावा लागतो. त्यापेक्षा ८...उं ई७ बरी, डी८ झाकलं जातं. पुढे ९. घो×एफ६+ आलं तर वजिराने मारायचं. उंटाने मारलं की ह ई१ने पुन्हा तीच पिन!

प्यादंपुढे: बरोबर. पण माझ्या मते गडबड ५...ई५पासूनच आहे. राजा मधे असताना डी आणि ई दोन्ही पट्ट्या उघडल्या. साधं ५...घो×ई४ ६. व×ई४ घो डी७ खेळा. हा घोडा पुढे एफ६ला येऊन वजिराला हुसकावतो.

अडीचघर: आणि मुलांसमोर पांढऱ्याने व डी३ खेळलंच नाही तर?

उंटतिरपा: बहुतेक वेळा ५. घो×एफ६+ येईल. त्यावर ई×एफ६ शिकवा. गंमत म्हणजे या प्रकाराला हरलेल्या टार्टाकोव्हरचंच नाव आहे. राजापुढे प्याद्यांची भिंत भक्कम होते, उंट लगेच बाहेर पडतो. किंमत अशी, की वजिराच्या बाजूला (ए ते डी पट्ट्यांवर) पांढऱ्याची ४ प्यादी, आपली ३. म्हणून सगळी मोहरी बदलून प्याद्यांच्या अंतिम डावात शिरायचं नाही.
आणि ४...घो डी७ शिकवणार असाल तर ५. व ई२ आधी दाखवा. त्यावर जी८चा घोडा एफ६ला आला की ६. घो डी६ मात. ई७चं प्यादं पिन असल्यामुळे घोडा मारता येत नाही.