मदत हवी आहे: बाबांचं वय वंदना कार्ड निघालं, आता मेडिक्लेम बंद करावा का?

रिन्युअलग्रस्त:

नमस्कार मंडळी, लांबलचक आहे पण प्लीज पूर्ण वाचा, रिन्युअलला 3 आठवडे उरलेत आणि घरी फोन केला की दुसरा विषयच नसतो.

बाबा 74, आई कागदावर 68 (कागदावर का, ते खाली सांगते). बाबा प्रायव्हेट कंपनीतून रिटायर झाले, पेन्शन म्हणजे ईपीएसचे किरकोळ पैसे, बाकी एफडीच्या व्याजावर चाललंय. दोघांचा मिळून 5 लाखांचा फ्लोटर मेडिक्लेम आहे, 11 वर्षं झाली, एकदाही खंड पडू दिला नाही. बाबांना शुगर आहे, बीपी आहे, 2 वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. तेव्हा बिल झालं 2 लाख 40 हजार आणि कंपनीने दिले 1 लाख 71 हजार, 20% को-पे, म्हणजे बिलातला आपण भरायचा ठरलेला वाटा, तर होताच, वर रूम जरा महाग घेतली म्हणून बाकीच्या बिलातही त्याच हिशेबाने कापलं. त्या दिवसापासून बाबांच्या मनातून ती पॉलिसी उतरलीय ती उतरलीच.

आता हे आयुष्मान वय वंदना कार्ड. 70 च्या वरच्या सगळ्यांना, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला 5 लाख. बाबांनी मला न सांगता जाऊन काढून पण आणलं. अंगठा काही केल्या मशीनवर उमटेना, त्या मुलाने ओल्या फडक्याने बाबांची बोटं पुसून पाहिली, दुसऱ्या हाताची लावून पाहिली, आधारला जोडलेला मोबाईल नंबर कधीच बंद झालेला त्यामुळे ओटीपी पण नाही, शेवटी चेहरा स्कॅन करून जमलं. आता ते कार्ड लॅमिनेट होऊन देवघराशेजारी ठेवलंय आणि बाबा म्हणतात प्रीमियम कशाला भरायचा, त्यात आईला बांगड्या होतील.

मागच्या वर्षी 61 हजार भरले होते. या वर्षी नोटीस 56,800 ची आलीय, म्हणजे कमी झालाय. हे कसं काय तेही कळलं नाही, कोणी सांगितलं तर बरं.

रेशन कार्ड केशरी आहे. महात्मा फुले योजनेत, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेत, आई बसते का? आणि आईच्या वयाचा घोळ असा की आधारवर 01/01/1958 आहे, शाळेच्या दाखल्यावर जून 1955. आधार काढणाऱ्याने विचारलं साल किती, आई म्हणाली असेल काहीतरी, त्याने 1 जानेवारी टाकून दिलं. म्हणजे खरं पाहिलं तर ती पण 70 ची झालीय. आधार दुरुस्त करून तिचंही कार्ड काढावं का?

मी दुसऱ्या शहरात असते, ऐन वेळी पोचायला 7 तास लागतात. कोणी अनुभवाने सांगेल का?

कोपऱ्यातलं_टेबल:

ताई, मी 4 वर्षं एका हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र, म्हणजे योजनेच्या पेशंटची नोंद करणारा माणूस, होतो, त्यामुळे टेबलाच्या पलीकडून सांगतो.

पहिली गोष्ट, कार्ड काढलं ते उत्तम केलं, बाबांना शाबासकी द्या. बरेच लोक पेशंट आयसीयूत गेल्यावर कार्ड काढायला धावतात आणि तेव्हा आधारचा नंबर बंद, नावात चूक, सगळं एकदम निघतं. ही योजना कॅशलेस आहे, आधी स्वतः बिल भरायचं आणि मग फाईल टाकून पैसे मागायचे हे मेडिक्लेमसारखं इथे चालत नाही, त्यामुळे अ‍ॅडमिट होतानाच आरोग्यमित्राकडे नोंद झाली पाहिजे. तुम्ही 7 तासांवर आहात म्हणून सांगतो, शेजारच्या एका माणसाला कार्ड कुठे ठेवलंय ते दाखवून ठेवा, आणि लॅमिनेट केलेल्याचा फोटो तुमच्या मोबाईलमध्ये पाहिजे.

कार्डात जुने आजार पहिल्या दिवसापासून कव्हर आहेत, वेटिंग पिरियड नाही, को-पे नाही. बाबांसारख्या हार्टवाल्या माणसाला बाहेर असं काही विकत मिळणार नाही.

आता दुसरी बाजू. लोक टेबलाशी येऊन म्हणायचे, कार्ड आहे, सगळं फ्री ना? तर नाही. ठरलेली पॅकेजेस असतात, तुमचा आजार त्यात बसला आणि प्री-ऑथ, म्हणजे उपचाराआधीची परवानगी, मंजूर झालं तर फ्री. नुसत्या तपासण्यांसाठी अ‍ॅडमिट केलं तर बसत नाही. ओपीडी नाही, म्हणजे बाबांच्या शुगर-बीपीच्या महिन्याच्या गोळ्या, डॉक्टरची फी, हे तुमच्या खिशातूनच. अ‍ॅडमिट झाल्यास आधीचे 3 दिवस आणि डिस्चार्जनंतरचे 15 दिवस औषधं-तपासण्या धरतात, त्यापुढे नाही. जनरल वॉर्ड. वेगळी खोली हवी असेल तर योजना विसरा.

आणि सगळ्यात जास्त भांडणं कशावरून व्हायची सांगू? हॉस्पिटलच्या दारावर योजनेचा बोर्ड असतो, पण ते हॉस्पिटल फक्त हाडांसाठी किंवा फक्त डायलिसिससाठी पॅनेलवर असतं. हार्टचा पेशंट घेऊन आले की आम्ही नाही म्हणायचो आणि लोकांना वाटायचं आम्हीच पैसे खातोय. शिवाय काही पॅकेजेस सरकारी हॉस्पिटललाच राखीव असतात. तर तुम्ही आजच एक काम करा, रात्री 2 ला बाबांच्या छातीत दुखलं तर अ‍ॅम्ब्युलन्स जिथे नेईल त्या 2-3 हॉस्पिटलांची नावं काढा आणि फोन करून विचारा, 'तुमच्याकडे कार्डिओलॉजी योजनेत आहे का?' नुसतं 'योजना आहे का' असं विचारू नका, हो म्हणतील. आयुष्मानच्या 14555 या हेल्पलाइनवर पण विचारता येतं, फुले योजनेचं 155388.

आईचं: केशरी कार्ड आहे म्हणजे त्या फुले योजनेत आहेतच, त्याला 70 ची अट नाही. आधी दीड लाखाचं कव्हर होतं, ते वाढवून 5 लाख केलंय आणि जुलै 2024 पासून पांढऱ्या कार्डवाल्यांनाही घेतलंय. रेशन कार्ड आणि फोटो आयडी दाखवायचं. रेशन कार्डवर आईचं नाव आधारसारखंच लिहिलंय ना ते बघा, स्पेलिंगवरून पण अडतं. इमर्जन्सीत कागद नसले तरी फोनवरून नोंद करून उपचार सुरू करता येतात, कागद मागून द्यायचे.

हिशेबनीस:

प्रीमियम 'कमी' झाल्याचं मी सांगतो, आणि बाबांना हे बसून समजावा.

22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा 18% जीएसटी गेला. मागच्या वर्षीच्या 61 हजारांत सुमारे 9,300 जीएसटीचे होते, म्हणजे मूळ प्रीमियम 51,700 च्या आसपास. या वर्षी जीएसटी शून्य आणि मागतायत 56,800. म्हणजे कंपनीने जवळजवळ 10% वाढवलाच आहे, टॅक्स गेला म्हणून दिसला नाही. बरोब्बर 10 च्या खाली का, तर जानेवारी 2025 मध्ये इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, सांगितलंय की ज्येष्ठांचा प्रीमियम वर्षात 10% पेक्षा जास्त वाढवायचा असेल तर आधी आमच्याशी बोला. त्यामुळे सगळे त्या रेघेला टेकून उभे आहेत. पुढच्या वर्षी परत वाढेल हे धरून चाला.

बंद करावी का? मी तरी एकदम बंद करणार नाही. 11 वर्षांची पॉलिसी आहे, सलग 5 वर्षं झाली की तुम्ही अमुक आजार सांगितला नव्हता वगैरे म्हणून, फसवणूक सिद्ध केल्याशिवाय, ते क्लेम नाकारू शकत नाहीत. ही कमाई एकदा सोडली की गेली. एप्रिल 2024 पासून नवीन पॉलिसी घ्यायला 65 ची मर्यादा राहिलेली नाही हे खरं, पण अँजिओप्लास्टी झालेल्या 74 वर्षांच्या माणसाला कोण देईल, दिलीच तर जुन्या आजाराला 3 वर्षांपर्यंत थांबायचं.

पण तुमचा खरा प्रश्न मला वेगळाच दिसतोय. फ्लोटरचा प्रीमियम घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाच्या वयावर लागतो. म्हणजे आईचा हप्ता पण तुम्ही 74 च्या दराने भरताय. कंपनीला विचारा की फ्लोटर मोडून दोघांच्या वेगळ्या पॉलिसी, 11 वर्षांची कंटिन्युइटी, म्हणजे सलग वर्षांचे फायदे, तशीच ठेवून, करून मिळतील का आणि आकडा किती. त्यानंतर बाबांची ठेवायची की सोडायची ते ठरवा. निदान आईची तरी चालू राहील, तिला वय वंदना अजून मिळत नाही. हे रिन्युअलच्या आधी करावं लागतं, म्हणून ईमेल आजच टाका, एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅपवर विसंबू नका.

सरकारी_पेन्शनर:

माझं प्रकरण वेगळं आहे पण कोणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहितो. मी केंद्र सरकारातून निवृत्त, पगाराच्या लेव्हल 6 ला होतो. दहा वर्षांची वर्गणी एकदम, 54 हजार, भरून सीजीएचएसचं, म्हणजे केंद्रीय कर्मचारी-पेन्शनरांच्या आरोग्य योजनेचं, आजन्म कार्ड घेतलं, त्यात बायको पण आली. मुलगा म्हणाला वय वंदना पण काढू. तेव्हा कळलं की सीजीएचएसवाल्यांना दोन्ही मिळत नाही, एक निवडावं लागतं. मी मुलाला म्हटलं बाबा रे, मला महिन्याच्या महिन्याला गोळ्या मिळतात त्या काय वय वंदना देणार आहे का. नाही घेतलं. ज्यांच्याकडे सीजीएचएस किंवा माजी सैनिकांचं ईसीएचएस आहे त्यांनी घाईत बटण दाबू नये. प्रायव्हेट मेडिक्लेमवाल्यांना मात्र दोन्ही ठेवता येतं, तसंच ईएसआयवाल्यांनाही, म्हणजे ज्यांच्या पगारातून कामगार विम्याचे पैसे कापतात त्यांनाही.

ताई, बाबा प्रायव्हेट कंपनीत होते म्हणताय तर निवृत्तीपर्यंत ईएसआय कापलं जायचं का बघा. किमान 5 वर्षं कापलं असेल तर वर्षाला 120 रुपये भरून नवराबायको दोघांना उपचार मिळतात. कोणाला माहीतच नसतं.

मधली_सून:

आधारच्या तारखेवर बोलते कारण आमच्या सासूबाईंचं सेम झालं, आमच्या अख्ख्या वाड्यात निम्मे म्हातारे 1 जानेवारीला जन्मलेत! वय वंदनाला आधारवरचंच वय धरतात, शाळेचा दाखला तिथे कोणी बघत नाही. आणि आधारवर जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते, त्यामुळे कुठला कागद चालतो ते आधार केंद्रावर नीट विचारा आणि मगच अर्ज टाका, एकदा चुकलं की मग खेटे.

पण एक गंमत लक्षात घ्या, आईचं वय आधारवर अडीच वर्षांनी वाढवलं तर मेडिक्लेमच्या कंपनीलाही कळवावं लागणार आणि तेही हप्ता वाढवणार. वर कार्ड निघालं तरी 5 लाख आईबाबा दोघांत मिळून आहेत, प्रत्येकी नाही. फुले योजनेत आई आहेच, तर मी तुमच्या जागी असते तर या वर्षी आधारला हात लावला नसता.

आणि कार्ड फुकट असतं हं, आमच्याकडून एकाने 200 रुपये घेतले होते.

रिन्युअलग्रस्त:

सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देते.

कोपऱ्यातलं_टेबल, तुम्ही सांगितलं तसं तीन हॉस्पिटलना फोन केले. बाबांची अँजिओप्लास्टी जिथे झाली ते योजनेत आहे, पण कार्डिओलॉजीला नाही!! बाबांना स्पीकरवर ऐकवलं. पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले, 'मग दुसरं कुठलं आहे?' दुसरं आहे, घरापासून 40 मिनिटं, तिथे हार्टचं होतं योजनेत. तिसऱ्याने फोन उचलला नाही.

कंपनीला मेल टाकला, उत्तर आलं, वेगळ्या पॉलिसी करून देतायत, कंटिन्युइटी राहील असं लेखी दिलंय. आईची एकटीची 21 हजारांत बसते. बाबांची एकट्याची 39 हजार, म्हणजे दोन्ही ठेवल्या तर आताच्यापेक्षा जास्तच. आईची नक्की करतोय. बाबांची या वर्षी मी भरते म्हटलं, तर त्यांना ते आवडलेलं नाही, अजून चर्चा चालू आहे.

ईएसआय कधीच कापलं नव्हतं, बाबांचा पगार लिमिटच्या वर होता, हे सांगताना आवाजात जरा अभिमान होता.

हिशेबनीस, एक शेवटचं, बाबांची ठेवायचीच ठरली तर 5 लाखांवरून 3 लाखांवर आणली तर हप्ता किती उतरतो, आणि तो 20% को-पे तसाच राहतो का? कोणी केलं असेल तर सांगा, 17 तारखेच्या आत भरायचंय.