फेरेट पायाला चावते आणि सोफ्यामागे घाण करते. तिला शिकवावे कसे?

लीड्सकर:
आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो. मुलीच्या वर्षभराच्या हट्टापुढे हात टेकून गेल्या महिन्यात एका प्राणी-निवाऱ्यातून पाच महिन्यांची फेरेट (मुंगसासारखा दिसणारा लांबट पाळीव प्राणी) मादी घरी आणली. तिचे नाव चिंगी. (आई फोनवर अजूनही ‘मुंगूस कसे आहे?’ असेच विचारते आणि मीही तिला दुरुस्त करणे सोडून दिले आहे.) पिंजऱ्यात चिंगी ट्रेमध्येच सगळे उरकते; परंतु संध्याकाळी बैठकीच्या खोलीत मोकळी सोडली, की सोफ्यामागच्या कोपऱ्यात पाठमोरी सरकते, शेपूट उचलते आणि आम्ही पोहोचेपर्यंत काम आटोपलेले असते. शिवाय अनवाणी पाय दिसला, की अंगठा धरते. परवा मुलीच्या पायातून रक्त आले. आम्ही ओरडून पाहिले, नाकावर टिचकी मारून पाहिली; टिचकीनंतर तर ती अधिकच जोराने चावू लागली आहे. कुत्र्याप्रमाणे हिला शिस्त लावता येते का?

रानवाट:
टिचकी आजपासून बंद करावी, कारण तिच्यामुळे हात म्हणजे मार एवढेच ती शिकत आहे. फेरेटची पिल्ले एकमेकांची मानगूट धरून खेळतात आणि तिथली कातडी इतकी जाड असते, की आपल्याला रक्तबंबाळ करणारा चावा त्यांच्या लेखी थट्टेचा असतो. चावली की प्रत्येक वेळी एकच ठरावीक शब्द त्याच स्वरात उच्चारावा, खेळ थांबवावा आणि तिला तीनेक मिनिटे प्रवासाच्या रिकाम्या पेटीत ठेवावे. राहत्या पिंजऱ्यात मात्र कोंडू नये; ते तिचे घर आहे, कोठडी नव्हे. पाठीची कमान करून ती आडव्यातिडव्या उड्या मारू लागली, तर तो राग नसून खेळाचे आमंत्रण असते. अशा वेळी पाय पुढे करण्याऐवजी एखादे फडके ओढत न्यावे.

जुनी_जाणकार:
घाणीविषयी लिहिते, कारण माझी तीन वर्षे त्यातच गेली. फेरेट निव्वळ मांसाहारी आहे, तिचे आतडे आखूड असते आणि खाल्लेले तीन-चार तासांत बाहेर पडते; त्यामुळे मांजरासारखी ती फार वेळ थांबू शकत नाही. दिवसातले चौदा ते अठरा तास ती झोपते आणि जाग आल्यावर थोड्याच वेळात तिला जावे लागते. म्हणून उठल्याबरोबर मोकळी सोडू नका. पिंजऱ्यातल्या ट्रेमध्ये जाऊन आली, की मगच दार उघडा. खोलीतला ट्रे तुम्हाला सोयीच्या ठिकाणी नको, तिने निवडलेल्या त्या सोफ्यामागच्या कोपऱ्यातच ठेवा. त्याची मागची बाजू उंच आणि पुढची बुटकी असावी, आत कागदाच्या गोळ्या घालाव्यात, ओल धरून गोळा होणारी मांजराची माती घालू नये. ट्रे अगदी लख्ख धुऊ नका, थोडा वास राहू द्या. उरलेल्या कोपऱ्यांत तिचे अंथरूण किंवा खाण्याची वाटी ठेवली, तर तिथे ती सहसा घाण करत नाही. इतके करूनही दहातला एखादा नेम चुकतोच, हे आधीच मान्य केलेले बरे.

बक्षीस म्हणून साल्मन माशाच्या तेलाचे दोन-तीन थेंब चमच्यावर द्या, बोटावर नको. नाहीतर बोटालाच चव येते. नखे कापतानाही हेच तेल उपयोगी पडते. उताणी मांडीवर घेऊन पोटावर एक थेंब टाकायचा. ती तो चाटण्यात गुंतते, तेवढ्यात चारही पाय होतात. मनुका किंवा फळ मात्र लाडानेही देऊ नये.

रानवाट:
एक विचारायचे राहिले. चिंगीच्या डोक्यावर पांढरा पट्टा आहे का? तशा फेरेटमध्ये बहिरेपणा बराच आढळतो. तसे असेल, तर मी वर सांगितलेला शब्द फुकट आहे.

लीड्सकर:
कपाळापासून मानेपर्यंत पट्टा आहे! काल तिच्या मागे उभे राहून किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला. तिने मानही वळवली नाही. म्हणजे महिनाभर आम्ही जे ओरडत होतो, ते शेजाऱ्यांसाठीच.

रानवाट:
मग शब्दाऐवजी खूण ठरवा. बोलावताना जमिनीवर दोनदा पाय आपटा. लाकडी फरशीतून कंप तिला जाणवतो, आणि आली की लगेच तेल द्या. थांबवायचे असेल, तर तळहात उभा धरा. झोपेतून उठवताना आधी नाकासमोर हात धरून वास घेऊ द्या, कारण दचकलेली बहिरी फेरेट हमखास चावते. तिचे नसबंदीचे ऑपरेशन झालेले नसेल, तर पशुवैद्याला आत्ताच विचारा. मादी माजावर येऊन तशीच राहिली, तर रक्तक्षयाने दगावू शकते.

लीड्सकर:
दहा दिवसांनंतरची हकिकत सांगतो. पाय आपटला की चिंगी खोलीच्या दुसऱ्या टोकाहून धावत येते. अंगठा कालपर्यंत दोनदाच धरला, तोही हलकेच. पशुवैद्याची वेळ मंगळवारची मिळाली आहे. सोफ्यामागचा ट्रे तिने मान्य केला. मात्र आता तिला फ्रिजमागचा कोपरा सापडला आहे. तिथे दुसरा ट्रे ठेवावा का?

जुनी_जाणकार:
नको, ती फट आजच फळी ठोकून बंद करा. मागे तारा आणि रबराच्या नळ्या असतात, आणि फेरेटने गिळलेला रबराचा तुकडा आतड्यात अडकला, तर थेट शस्त्रक्रियाच करावी लागते.