मदत हवी आहे: काकाजींसाठी कृत्रिम नाक, थ्रीडी स्कॅनवरून

नमस्कार मंडळी. सिंदेवाही तालुक्यातल्या एका गावातून लिहितोय.

मागच्या उन्हाळ्यात पहाटे मोह वेचायला गेलेल्या माझ्या काकाजींवर अस्वलाने हल्ला केला. जीव वाचला, डोळे वाचले, पण नाक पूर्ण गेलं. जखमा आता भरल्यात. वनविभागाची भरपाई मिळाली (त्याला लागलेल्या कागदांवर वेगळा धागा काढता येईल), त्यातले काही पैसे यासाठी बाजूला ठेवलेत.

कपाळाची कातडी वळवून नाक करण्याची शस्त्रक्रिया डॉक्टरांनी सुचवली होती, टप्प्याटप्प्याने होणारी. काकाजींनी हातच जोडले. म्हणून सिलिकॉनच्या नाकाची चौकशी केली. एका ठिकाणी माप घ्यायला त्यांना आडवं झोपवलं, तोंडात श्वासासाठी नळी दिली आणि चेहऱ्यावर मापाचा गार लगदा ओतायला घेतला. तो गालावर पडताच काकाजी झटक्यात उठून बसले. पुन्हा झोपायला तयार नाहीत. चेहऱ्यावर काही आलं की अजून दचकतात.

दुसऱ्या एका खासगी ठिकाणी "स्कॅन करून डिजिटल बनवू, इम्प्लांटवर (म्हणजे हाडात बसवलेल्या धातूच्या स्क्रूंवर) बसवू" म्हणाले, पण आकडा ऐकून आम्ही परतीची एसटी धरली.

मला विचारायचंय ते असं. हल्ल्यानंतर काढलेल्या सीटी स्कॅनची सीडी आहे, ५ मिमीचे काप असं लिहिलंय, ती चालेल का? कान गेला असता तर दुसऱ्या कानावरून उलटा करून घेतला असता, पण नाक एकच असतं, मग आकार आणायचा कुठून? जुने फोटो दोनच, दोन्ही समोरून. आणि मुख्य म्हणजे ते टिकेल का? धानाच्या रोवण्याच्या दिवसांत माणूस दिवसभर बांधीत वाकलेला असतो, घामाने निथळतो. सध्या काकाजी दुपट्टा तोंडाला बांधूनच बाजाराला जातात. इम्प्लांटशिवाय भागेल का?

प्रोस्थो_वऱ्हाड:
मी दंतवैद्यकातल्या प्रोस्थोडॉन्टिक्स शाखेत काम करते. नकली दातांसोबत नाक, कान, डोळ्याचा भाग बनवणंही याच शाखेत येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. आधी नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा सावंगी मेघेचं शरद पवार दंत महाविद्यालय, इथला हा विभाग गाठा. सरकारी आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेची माहिती देणाऱ्या कर्मचाऱ्याला) विचारा, गावात बसून अंदाज बांधू नका.

जुनी सीडी घेऊन जा, पण तिच्यावर विसंबू नका. ५ मिमीच्या कापांतून चेहरा पायऱ्यापायऱ्यांचा उठतो, १ मिमी किंवा त्याहून बारीक काप लागतात. तेही इम्प्लांट लावायचे असतील तर, हाड किती आहे ते बघायला. नुसत्या नाकासाठी चेहऱ्याचा पृष्ठभाग स्कॅन केला तरी पुरतं. तो बसवून करावा, कारण झोपल्यावर गाल मागे ओघळतात आणि कडा चुकतात. स्कॅनर चेहऱ्याला टेकतही नाही, त्यामुळे काकाजींची मुख्य भीती इथेच संपते.

आकार नातेवाइकाकडून घ्यायचा. मुलगा, भाऊ, ज्याचं नाक जुळतं त्याचा स्कॅन करून संगणकावर काकाजींच्या चेहऱ्यावर बसवतात, फोटो बघून कमीजास्त करतात. प्रिंटरमधून मात्र सहसा थेट सिलिकॉनचं नाक येत नाही. नमुना किंवा साचा येतो. नमुना चेहऱ्यावर लावून बघतात, कडा हाताने पातळ करतात, मग साच्यात रंग मिसळलेलं सिलिकॉन भरतात. रंग रुग्णाला समोर बसवूनच जुळवावा लागतो, त्यामुळे चकरा पूर्णपणे टळत नाहीत.

इम्प्लांट म्हणजे दातांचेच तंत्र. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं, हे स्वीडिश संशोधक ब्रॅनेमार्क यांनी दाखवलं आणि १९६५ मध्ये स्वीडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात ते बसवले. नाकासाठी ते नाकाच्या तळाच्या हाडात लावतात, काही महिने थांबतात, मग लोहचुंबकाने नाक बसतं. वाकून काम करणाऱ्याला पकड उत्तम, पण ती शस्त्रक्रियाच. माझं मत: आधी चष्म्याला जोडलेलं नाक आणि कडेला मेडिकल गम, असं वापरून बघा. इम्प्लांट नंतरही लावता येतात.

सिलिकॉन साधारण वर्ष-दोन वर्षांत रंग सोडतं, कडा फाटतात. डिजिटलचा खरा फायदा तेव्हा होतो: फाईल जपलेली असली की पुन्हा मापापासून सुरुवात नाही. म्हणून फाईलची प्रत मागूनच घ्या. रात्री नाक काढून साबणपाण्याने धुवायचं. चुलीच्या आणि बिडीच्या धुराने ते पिवळं पडतं.

मूल_रोड:
माझ्या मावशीचा डोळा २०२१ मध्ये काळ्या बुरशीत गेला, तिला असंच चष्म्यावरचं बसवलंय. मे महिन्यात गम टिकत नाही, ती चष्म्याला मागून इलॅस्टिक लावते. आणि रंग हिवाळ्यात जुळवला तर उन्हात रापल्यावर तेवढाच भाग गोरा दिसतो. एकाच साच्यातून वेगवेगळ्या रंगांची दोन करून मागा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. इलॅस्टिकचं ऐकून काकाजी जरा सैलावले. रोवण्यात तसाही दुपट्टाच बांधीन म्हणतात, नाक बाजारासाठी आणि लग्नाकार्यासाठी. नमुन्याला माझ्या बाबांचं नाक सुचवलं तर म्हणाले, "तुह्या बापाचं नको, बसकं हाय ते." त्यांना मुलाचंच हवंय, आणि तो पुण्यात कंपनीत आहे, दिवाळीशिवाय येत नाही. त्याच्या नाकाचा स्कॅन पुण्यातच करून फाईल इकडे पाठवली तर चालते का? की सगळ्या बाजूंनी मोबाईलवर फोटो काढले तरी भागेल?