मदत हवी आहे: बोलेरो निओ आताच घ्यावी की महिंद्राच्या २०२७ च्या नव्या गाडीची वाट पाहावी?

कुकडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार. महिंद्राच्या आगामी गाड्यांबद्दल येथे जी चर्चा चालते ती मी नियमित वाचत आलो आहे. आज प्रथमच स्वतःच्या प्रश्नासाठी लिहीत आहे, आणि प्रश्न घरच्या मोठ्या खर्चाचा असल्यामुळे थोडे सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडे ऑगस्ट २०११ मध्ये नोंदवलेली, अडीच लिटर डिझेल इंजिनाची बोलेरो आहे. ती आतापर्यंत २ लाख ४० हजार किलोमीटर चालली आहे, आणि क्लच, बेअरिंगे व मागचे पाटे सोडल्यास तिने मोठा खर्च कधी काढलेला नाही. येत्या ऑगस्टमध्ये तिच्या नोंदणीची पंधरा वर्षे पूर्ण होतात. म्हणजे एकतर पुनर्नोंदणी करायची, किंवा नवी गाडी (सध्या मनात बोलेरो निओ आहे) घ्यायची.

आमची वस्ती जुन्नर तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून दीड किलोमीटर आत आहे. त्यातला शेवटचा अडीचशे मीटरचा भाग तांबड्या मातीचा उभा चढ आहे. चढाच्या मध्यावर पाझराची जागा आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये तेथे चाकोरीत घोटाभर चिखल साचून राहतो. दुसऱ्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर कमी-जास्त न करता गाडी नेली की मागची चाके क्षणभर जागीच फिरतात, मग खालचा मुरूम लागतो आणि गाडी वर येते. गाडीत टोमॅटोचे आठ-दहा क्रेट किंवा खताच्या गोण्या असतील तर ती रिकाम्या गाडीपेक्षा सहज चढते, हे मी पंधरा पावसाळे पाहिले आहे. याच गाडीतून आईला तपासणीसाठी पुण्याला न्यावे लागते आणि मुलीला वसतिगृहातून आणावे लागते. त्यामुळे केवळ शेतीचा विचार करून भागत नाही.

आता मूळ प्रश्न. १५ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत महिंद्राने व्हिजन एस, व्हिजन टी, व्हिजन एक्स आणि व्हिजन एसएक्सटी या चार संकल्पना-गाड्या दाखवल्या. त्या सर्व एनयू-आयक्यू या नव्या मोनोकॉक (वेगळी चौकट नसलेल्या, एकसंध सांगाड्याच्या) प्लॅटफॉर्मवर बेतलेल्या असून या प्लॅटफॉर्मच्या गाड्या २०२७ पासून चाकणहून निघतील असे कंपनीने सांगितले आहे. व्हिजन एस हीच पुढची बोलेरो, असा येथील बऱ्याच सदस्यांचा अंदाज दिसतो. तो खरा ठरला तर चौकटीवर (चेसिसवर) बांधलेली, मागच्या चाकांना ताकद देणारी बोलेरो या रूपात पुढे राहणार नाही, असा त्याचा अर्थ मी लावतो.

माझ्या शंका अशा आहेत की, या नव्या गाडीत डिझेल इंजिन येईल का, आले तर कोणते येईल, आणि पुढच्या चाकांवर चालणारी गाडी माझ्या चढावर भरलेल्या अवस्थेत टिकेल का. डिझेलबद्दल मनात आणखी एक भीती आहे. माझ्या मेहुण्यांनी दुसऱ्या एका कंपनीची बीएस-६ (प्रदूषणाच्या कडक निकषांची) डिझेल गाडी घेतली होती. त्यांचा रोजचा प्रवास घर ते बाजार समिती असा सहा किलोमीटरचा, आणि दोन वर्षांत तिचा डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, तीन वेळा चोंदला. गाडी घेताना त्यांना याविषयी कोणी एक शब्दही सांगितला नव्हता. पेट्रोल घ्यावे तर ओझ्याच्या कामात खर्च किती वाढेल याचा अंदाज येत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

यंत्रवेध

आपण कामाचे स्वरूप नीट लिहिले आहे, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. इंजिनांविषयी कंपनीने अजून अधिकृतपणे काही जाहीर केलेले नाही, म्हणून पुढील मजकूर हा तर्क आहे असे समजून वाचावा. मात्र त्या तर्काला पक्का आधार आहे.

पहिला आधार लांबीचा. या संकल्पना-गाड्यांच्या लांबीचा पल्ला ३,९९० मिलिमीटरपासून सुरू होतो, आणि हा आकडा योगायोगाने आलेला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे जे नवे दर लागू झाले त्यांनुसार चार मीटरच्या आतील गाडीत १,२०० सीसीपर्यंतचे पेट्रोल किंवा १,५०० सीसीपर्यंतचे डिझेल इंजिन असेल तर १८ टक्के कर आहे, आणि यांतली कोणतीही एक मर्यादा ओलांडली की तो थेट ४० टक्के होतो. पूर्वी लहान डिझेल गाडीवर उपकरासह ३१ टक्के द्यावे लागत. एवढी तफावत असताना बोलेरोच्या ग्राहकासाठी काढलेली गाडी कंपनी चार मीटरच्या बाहेर नेईल, हे मला अशक्यप्राय वाटते.

दुसरा आधार असा की या दोन्ही मर्यादांत बसणारी इंजिने महिंद्राकडे तयार आहेत आणि ती एक्सयूव्ही ३एक्सओमध्ये आज धावत आहेत. १.२ लिटर टर्बो-पेट्रोल दोन प्रकारांत मिळते, साधे १११ पीएसचे (पीएस म्हणजे अश्वशक्ती) आणि थेट इंधन फवारणीचे १३० पीएसचे. १.५ लिटर डिझेल ११७ पीएस आणि ३०० न्यूटन-मीटर (ओढण्याचा जोर) देते. ही इंजिने आडवी बसवलेली आहेत आणि पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या मोनोकॉक गाडीला तशीच मांडणी लागते. आपण ज्या निओचा विचार करत आहात तिचे १.५ लिटर डिझेल नावाला सारखे असले तरी इंजिन वेगळे आहे. त्याला तीन सिलिंडर आहेत, ते उभे बसवलेले आहे आणि १०० पीएस व २६० न्यूटन-मीटर देते, तर ३एक्सओचे इंजिन चार सिलिंडरचे आहे. त्यामुळे निओचे इंजिन नव्या प्लॅटफॉर्मवर येईल असे मला वाटत नाही, आणि चार सिलिंडरचे डिझेल येण्याची शक्यता मी बरीच मोठी मानतो.

येथे एक गैरसमज वारंवार दिसतो, तोही दूर करावासा वाटतो. एप्रिल २०२७ पासून येऊ घातलेल्या ‘कॅफे’ या इंधन-कार्यक्षमतेच्या निकषांच्या तिसऱ्या टप्प्यामुळे डिझेल संपेल असे अनेक जण लिहितात. हे निकष एकेका गाडीला लागू होत नाहीत. कंपनीने वर्षभरात विकलेल्या सर्व गाड्यांच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी काढली जाते आणि ती त्यांच्या सरासरी वजनाशी ताडून पाहिली जाते. एक लिटर डिझेल जळल्यावर पेट्रोलपेक्षा अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो हे खरे, साधारण २.६ किलो विरुद्ध २.३ किलो. परंतु तितक्याच कामाला डिझेल कमी लागते, त्यामुळे दर किलोमीटरला हिशेब बहुधा डिझेलच्या बाजूने राहतो. शिवाय बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई यांसारख्या विद्युत गाड्या विकल्यामुळे महिंद्राची सरासरी खाली येते. लहान डिझेलचा खरा शत्रू आहे तो नायट्रोजन ऑक्साइड आणि काजळी रोखणाऱ्या यंत्रणेचा खर्च. वीस लाखांच्या गाडीत तो जिरतो, आठ-दहा लाखांच्या गाडीत किमतीवर उघड दिसतो.

याचे उदाहरण आपल्यासमोर आहे. मारुती सुझुकीने स्वतः विकसित केलेले १.५ लिटरचे डिझेल इंजिन २०१९ मध्ये सियाझ आणि अर्टिगात आणले, ९५ पीएस व २२५ न्यूटन-मीटरचे. चालवायला ते फार सुरेख होते. १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ लागू झाले आणि कंपनीने डिझेलच सोडून दिले. एवढ्या मेहनतीचे इंजिन वर्षभरात बंद पडले याची हळहळ मला आजही वाटते. म्हणून डिझेल येईल असे मी म्हणत असलो, तरी ते सर्वांत स्वस्त प्रकारात मिळेल असे गृहीत धरू नये.

सह्यघाट

इंजिनाविषयी वरील प्रतिसादाशी सहमत आहे. चढाबाबत मात्र धागाकर्त्यांचे निरीक्षण अधिक महत्त्वाचे वाटते, कारण त्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे.

गाडी चढावर असताना तिचा भार मागे सरकतो. मागे दोनशे किलो क्रेट ठेवले की तो आणखी मागे जातो. मागची चाके ओढणारी असतील तर हा भार पकड वाढवतो, पुढची चाके ओढणारी असतील तर नेमकी तीच हलकी होतात. कोरड्या डांबरावर, अगदी घाटातही, हा फरक जाणवत नाही. ओल्या तांबड्या मातीवर तो पहिल्याच वळणाला जाणवतो. माझ्याकडे ३एक्सओ डिझेल आहे आणि नाणेघाटाकडच्या रस्त्यावर चार माणसे व सामान घेऊन ती मी अनेकदा नेली आहे. ताकद भरपूर आहे, कधी कमी पडली नाही. परंतु गेल्या पावसाळ्यात एका शेतरस्त्यावर ती पुढच्या चाकांनी जागीच खोदू लागली, तेव्हा मागे बसलेल्यांना उतरवून, गाडी उलटी वळवून रिव्हर्समध्ये वर न्यावी लागली. रिव्हर्समध्ये ओढणारी चाके उताराच्या बाजूला येतात, म्हणून ती चढली.

नव्या प्लॅटफॉर्मवर चारही चाकांना ताकद देण्याची सोय आहे असे कंपनीने सांगितले आहे. ती चार मीटरच्या आतील डिझेलला मिळाली तर आपला प्रश्नच मिटेल, पण ती आधी वरच्या किमतीच्या गाड्यांना मिळेल असे मला वाटते. आपल्या चढासाठी आज बाजारात उत्तर आहे ते निओच्या एन१० (ओ) प्रकारात मिळत आलेल्या मागच्या लॉकिंग डिफरन्शियलचे. एक चाक चिखलात मोकळे फिरू लागले की ते आपोआप दोन्ही चाके जखडते. पाझराच्या जागेसाठी याहून योग्य सोय मला सुचत नाही.

घाटमाथा

एका मुद्द्याचा उल्लेख राहून गेला आहे. आपण आईला आणि मुलीला घेऊन महामार्गावर जाणार आहात. ग्लोबल एनकॅप या संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केलेल्या धडक-चाचणीत बोलेरो निओला प्रौढ आणि मुले या दोन्ही गटांत पाचपैकी एकच तारा मिळाला, तर ३एक्सओला भारत एनकॅप या आपल्याकडच्या चाचणीत पाच तारे आहेत. जाड पत्रा आणि मजबूत चौकट म्हणजे सुरक्षित गाडी, ही आपल्याकडची समजूत फार खोल रुजलेली आहे. चौकट वाकली नाही तर धक्का आत बसलेल्या माणसाला बसतो. नव्या मोनोकॉकची वाट पाहण्याचे हे माझ्या मते सर्वांत ठोस कारण आहे, इंजिनापेक्षाही.

पुनर्नोंदणीविषयी: खासगी गाडीची नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. तपासणीसाठी गाडी आरटीओत न्यावी लागते, नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये आहे आणि त्याखेरीज महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो. मुदत संपण्यापूर्वीच अर्ज करावा, उशीर झाल्यास दर महिन्याला दंड वाढत जातो. इंजिन धूर ओकत नसेल, ब्रेक आणि दिवे ठीक असतील आणि चेसिसला गंज नसेल, तर अडचण येऊ नये.

यंत्रवेध

डीपीएफविषयी लिहायचे राहिले. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळण्यासाठी धुराचे तापमान बराच वेळ चढे राहावे लागते, आणि सहा किलोमीटरच्या फेरीत इंजिन पुरते तापतही नाही. मेहुण्यांच्या गाडीत दोष असेलच असे नाही, तिचा वापर डिझेलच्या विरुद्ध होता. आपण आठवड्यातून किती वेळा सलग वीस-पंचवीस मिनिटे साठच्या पुढच्या वेगाने गाडी चालवता, त्यावर उत्तर अवलंबून आहे.

कुकडीकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. आठवड्यातून दोनदा नारायणगावच्या बाजारात आणि महिन्यातून दोन-तीनदा पुण्याला जाणे होते, त्यामुळे फिल्टरची भीती आता कमी झाली आहे. रिव्हर्समध्ये गाडी चढवण्याचा अनुभव वाचून तर आमच्या चढावर एकदा अडकलेली पाहुण्यांची गाडी आठवली. तीही पुढच्या चाकांवर चालणारी होती आणि शेवटी ट्रॅक्टर लावून काढावी लागली होती.

एका ताऱ्याच्या निकालाची मला कल्पना नव्हती. काल रात्री तो घरी वाचून दाखवला, तेव्हा निओ घ्यायची नाही असे सर्वांचेच मत झाले. माझ्या एकट्याच्या कामासाठी ती मी आनंदाने घेतली असती, परंतु आईला मागच्या आसनावर बसवून पुणे-नाशिक महामार्गावर जायचे असताना तो निकाल विसरता येत नाही. म्हणून जुन्या बोलेरोची पुनर्नोंदणी करून शेतीचे काम तिच्यावरच ठेवायचे आणि नवी गाडी २०२७ मध्ये पाहायची, असे तूर्त ठरत आहे. चेसिसची पाहणी आमच्या गॅरेजवाल्यांनी आज सकाळीच केली. मागचे पाटे चेसिसला जेथे जोडले आहेत तेथे थोडा गंज आहे, तो घासून वेल्डिंग करून देता येईल असे ते म्हणाले.

यावरून दोन नेमके प्रश्न उरतात. चेसिसवर असे वेल्डिंग केलेले असल्यास आरटीओ तपासणीत आक्षेप घेतला जातो का? आणि सह्यघाट यांना विनंती की, जूनमधील पहिल्या मोठ्या पावसानंतर आपली ३एक्सओ घेऊन एकदा आमच्याकडे यावे. दहा क्रेट मी भरून ठेवतो आणि त्या चढावर रिकामी व भरलेली अशी दोन्ही प्रकारे ती चालवून पाहू. ट्रॅक्टर खाली उभा असेल.